नळ आले त्या दिवशीचं व्यंगचित्र

आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत नळ आले.

बुलढाण्यात राहणाऱ्याला या वाक्याचं वजन सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे नळ रोज येत नाहीत. आठवड्यानं येतात, कधी त्याहून उशिरा, कधी पहाटे, कधी भर दुपारी, आणि आले की तासाभरात जातात. तेवढ्या वेळात पुढच्या सगळ्या दिवसांचं पाणी घरात घ्यायचं असतं. म्हणून गल्लीच्या तोंडाशी राहणारं कोणीतरी "नळ आले" असं ओरडतं आणि ज्याच्या हातात जे असेल ते तिथंच राहतं. पोळी तव्यावर राहते, दाढी अर्धी राहते.

त्या सकाळी आमचं अंगण भेटायला आलेल्यांनी भरलेलं होतं. सतरंजीवर पुरुष, आतल्या खोलीत ताईभोवती बाया. बाबा भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. मी त्यांच्या शेजारी. अशा वेळी कोणी फार बोलत नाही. कसं झालं ते एकदा विचारून होतं, मग सगळे जमिनीकडे पाहत बसतात. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून आवाज आला. ओरडणाऱ्याला मध्येच आमचं घर आठवलं असावं, कारण "नळ" हा शब्द मोठ्यानं आला आणि "आले" अगदी खालच्या आवाजात.

मग आमच्याच अंगणातल्या नळातून हवा सुटायला लागली. आधी फुसफुस, मग खाकरल्यासारखा आवाज, मग धार.

कोणी हललं नाही. आमच्याकडे सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. न बोलता उठायचं आणि निघायचं. एरवी ती सोय असते. त्या दिवशी तीच अडचण झाली, कारण काही बोलून निघायची वाटच नव्हती. नुसतंच उठावं लागणार होतं, आणि कशासाठी उठलात ते सगळ्यांना कळणार होतं. माणसं माना खाली घालून बसली होती आणि कान नळाकडे होते. मग आतून समोरच्या घरातल्या काकू बाहेर आल्या. तीन दिवस आमच्याकडे चूल पेटली नव्हती, दोन्ही वेळचं जेवण त्यांच्याच घरून येत होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि कोणाकडे न पाहता अंगण ओलांडून गेल्या.

त्यानंतर सगळे उठले. एकेक करून, पण एकाच्या मागे एक. एक निवृत्त गृहस्थ दुसऱ्याच्याच चपला घालून निघाले, फाटकापाशी त्यांना ते कळलं, तरी ते परत फिरले नाहीत. पाहता पाहता अंगणात सतरंजी उरली, बाबा उरले आणि मी.

माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी वाटलं हुंदका आहे. तो हुंदका नव्हता. मी गाल आतून दातांत धरला आणि जमिनीकडे पाहत राहिलो. तेवढ्यात बायको पाईप घेऊन बाहेर आली. आम्ही दोघांनी मिळून पाणी भरलं. बाबांनी मान वर केली नाही.

मी शाळेत गणित शिकवतो. व्यंगचित्रं काढणं हा माझा दुसरा धंदा म्हणावा तर धंदा नाही आणि छंद म्हणावा तर दर आठवड्याला द्यावाच लागतो. जिल्ह्यातल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत माझी एक चौकट असते. रस्त्यातला खड्डा, न आलेली एस.टी., परीक्षेचे निकाल, लग्नातले सत्कार, असं काहीबाही. चित्र मला बरं जमतं. विनोद मात्र दर वेळी नव्यानं जमवावा लागतो. गणित एकदा सुटलं की सुटलं. विनोद काल सुटलेला असतो आणि आज पाहावं तर उत्तर चुकलेलं असतं.

आई गेल्यावर काही महिने मी तो प्रसंग कोणाला सांगितला नाही. पण तो डोक्यातून जात नव्हता. वर्गात फळ्याकडे तोंड करून समीकरण लिहिताना मध्येच मला ते चपलावाले गृहस्थ आठवायचे. शेवटी पावसाळा संपता संपता मी कागद घेऊन बसलो. वाटलं, हा तर तयार विनोद आहे, फक्त उतरवून घ्यायचा.

पहिल्या चित्रात मी सगळी माणसं पळताना काढली. रुमाल डोळ्यांना, पाय दाराकडे. एका बाईच्या हातात बादली, दुसऱ्याच्या डोक्यावर पाण्याचा गुंड. बायकोला दाखवलं. माझं प्रत्येक चित्र ती आधी पाहते, आणि हसू आलं नाही तर उगाच हसत नाही. तिनं बराच वेळ पाहून कागद खाली ठेवला.

"हे लोक वाईट दिसून राह्यले," ती म्हणाली. "ते वाईट नव्हते ना हो."

खरं होतं. माझ्या चित्रातल्या काकू स्वार्थी बाई दिसत होत्या. तीन दिवस आमच्या घरी डबा पोचवणारी बाई चौकटीत कशी दाखवणार? चौकटीत चौथा दिवस तेवढा मावतो, आधीचे तीन मावत नाहीत. वाचणाऱ्याला हसू आलंच असतं, पण ते त्या माणसांवर पडलं असतं, आणि ज्यावर पडायला हवं होतं ते तर मला स्वतःलाच सापडलेलं नव्हतं.

मग मी सुतक काढून लग्न घातलं. मंगलाष्टकं चालू, नळ आले, वऱ्हाडी गायब, भटजी आणि नवरा-नवरी तेवढी उरली. हे लगेच जमलं आणि तितक्याच लगेच पडलं. लग्नातून माणसं तशीही कशाकशासाठी उठून जातात, जेवणाकडेच सगळ्यांचं लक्ष असतं. तिथं उठायला कोणाला काही वाटत नाही, आणि काही वाटत नसेल तर हसायचं कशाला? त्यानंतर मी एक पुढारी श्रद्धांजलीच्या भाषणाला उभा केला आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या केल्या. संपादकांना हे फार आवडलं. "सर, हे देऊन टाका," ते म्हणाले. मी देतो म्हणालो आणि घरी येऊन बाजूला ठेवलं. पुढारी आणि रिकाम्या खुर्च्या मी आधीही काढल्या होत्या, माझ्याआधी सगळ्यांनी काढल्या होत्या. त्या रविवारी मी खड्ड्यावर काहीतरी देऊन वेळ भागवली.

असं बरेच आठवडे चाललं. मी माणसं कमी केली, वाढवली. नळ मोठा काढला. नुसत्या चपला काढून पाहिल्या, माणसंच नाहीत. एकदा एकही शब्द न घालता काढलं, तेव्हा बायको म्हणाली की हे कुठल्या तरी आजाराच्या जाहिरातीसारखं दिसतं. मला कळत नव्हतं की एवढी साधी गोष्ट, जी प्रत्यक्षात मला गाल चावायला लावून गेली, ती कागदावर येताना दर वेळी एक तर क्रूर का होते किंवा फिकी का पडते.

या सगळ्या काळात बाबा घरातच होते. ते धामणगाव बढ्याच्या शाळेत लिपिक होते. निवृत्तीनंतर आई-बाबा आमच्याकडे बुलढाण्याला आले. आई गेल्यावर बाबांचं बोलणं कमी झालं असं मी म्हणेन, पण खरं सांगायचं तर ते आधीही कमीच होतं. घरातलं बोलणं आईच करायची, दोघांच्याही वाटचं. आता ते सकाळी पेपर वाचायचे, संध्याकाळी बसस्टँडपर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. आईबद्दल ते एक शब्द बोलत नसत. तिचा मोठा केलेला फोटो बैठकीच्या खोलीत लावला होता, तर त्या भिंतीकडे पाठ होईल अशा खुर्चीत ते बसायचे.

मी हे चित्र त्यांच्यापासून लपवलं नव्हतं, पण दाखवलंही नव्हतं. एका रविवारी दुपारी मी टेबलावर त्यातलाच एक कागद घेऊन बसलो होतो आणि ते चष्मा शोधत आत आले. कागदाकडे पाहून थांबले. मला वाटलं आता उलटा करून ठेवावा. मग वाटलं, का ठेवावा? मी तो त्यांच्या हातात दिला.

ते खिडकीपाशी जाऊन उजेडात पाहत उभे राहिले. अंगण होतं, सतरंजी होती, नळ होता, उठणारी माणसं होती. भिंतीला टेकून बसलेला म्हातारा होता, आणि तो कोण आहे हे त्यांना कळलं असणारच. मला वाटलं ते रागावतील.

"ती कुठी आहे याच्यात?" त्यांनी विचारलं.

मला नीट कळलं नाही. मी म्हणालो, "बाबा, हे ती गेल्यावरचं आहे."

"तेच तर म्हणून राह्यलो. ती असती त कोणाले बसू देलं असतं का?"

मग ते खुर्चीत बसले आणि त्या दिवसाचं बोलले. सलग नाही, थांबत थांबत. म्हणाले, नळाचा आवाज आला तेव्हा ते वाट पाहत होते. कशाची ते त्यांना आधी कळलंही नाही. इतकी वर्षं नळ आला की आतून तिचा आवाज यायचा, बसून काय राह्यले, उठा. नुसता नळ कधी ऐकला नव्हता त्यांनी. फुसफुस झाली, धार पडायला लागली, आणि आतून कोणी ओरडलं नाही. चार दिवस माणसं येऊन जाऊन होती, विधी चालू होते, त्यात ती नाही हे कळत होतं पण मनात बसत नव्हतं. ते त्या वेळी बसलं. लोक उठून कधी गेले ते त्यांनी पाहिलंच नाही, असं म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातच होता. तो काढून त्यांनी पुसला आणि ते बाहेर गेले.

मी तिथंच बसून राहिलो. त्या अंगणात मीही होतो, त्यांच्या खांद्याला खांदा लावून. मला माणसं उठताना दिसत होती आणि त्यांना एक आवाज न येताना ऐकू येत होता.

चित्रात आई का नव्हती याचं उत्तर सोपं होतं. त्या दिवशी ती नव्हती म्हणून मी काढली नव्हती. तिचा फोटोसुद्धा तोवर मोठा होऊन आलेला नव्हता. जे घडलं त्याच्याशी मी इतका प्रामाणिक राहिलो होतो की चित्र होतच नव्हतं. मी नवा कागद घेतला आणि मागच्या भिंतीवर हार घातलेला तिचा फोटो काढला. माणसांना पुन्हा खाली बसवलं. कोणी उठत नाही, सगळ्यांच्या माना खाली, नळाची धार चालू. आणि फोटोतली ती बोलते आहे.

इथून काम संपलं असं वाटेल, पण खरी झटापट इथून सुरू झाली. तोंड उघडं काढलं की ती भूत दिसायची. हात चौकटीबाहेर काढून बोट दाखवलं तर शाळेतली मास्तरीण दिसायची. भिवया आवळल्या तर रागीट दिसायची, आणि आई रागीट नव्हती, तिला घाई असायची. एका संध्याकाळी सहज तिचा एक हात हारापाशी नेला आणि तिनं तो हार पडद्यासारखा बाजूला सारला, नळ नीट दिसावा म्हणून. बायकोनं ते पाहिलं आणि तिच्या तोंडून फक्त "हं" निघालं. पण ते बरोबर जागी निघालं होतं.

राहिले शब्द. मी आधी लिहिलं, "नंतर रडा, आधी पाणी भरा." वाचून पाहिलं तर सरकारी सूचना वाटली. आई असं कधी बोललीच नसती. मग तिच्या बोलीत लिहिलं, "मंग रडसान, पहिले पाणी भरा." जवळ आलं, तरी कुठंतरी लंगडत होतं. मी बायकोला ते आईसारखं म्हणून दाखवायला सांगितलं. ती स्वयंपाकघरात उभी होती. तिनं कमरेवर हात ठेवला आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "पाणी भरा पहिले. रडसान मंग." म्हणाली आणि तोंडाला पदर लावून तिथंच उभी राहिली. मी तिचे शब्द तसेच कागदावर घेतले. क्रम हाच हवा होता. रडणं शेवटी. आधी ठेवलं की ती रडू नका म्हणते आहे असं वाटत होतं. शेवटी ठेवल्यावर रडायची परवानगी मिळत होती, पाणी भरून झाल्यावर.

बाबांना दाखवलं. ते हसले का, मला सांगता येणार नाही. त्यांच्या ओठांची एक बाजू हलली. "ताईले विचार," एवढंच म्हणाले.

माझी मोठी बहीण साखरखेर्ड्याला असते. घरची शेती आहे, आणि तिकडे नांदायला गेल्यापासून तिच्या बोलण्यात 'मले'चं 'मला' झालंय. मी तिला फोनवर चित्र सांगितलं. विनोद फोनवर समजावून सांगण्याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आईला पेपरात कशाला नेतोस?" मी मोबाइलवर चित्राचा फोटो पाठवला. तिनं पाहिला हे मला दिसलं. उत्तर आलं नाही.

मी चित्र दिलं नाही. पुढच्या सुट्टीला बाबांना घेऊन चिखलीवरून एस.टी.नं साखरखेर्ड्याला गेलो. कागद पिशवीत होता. जेवणं झाली, भाऊजी शेताकडे गेले, मग ताईनंच विचारलं, आणलंय का. तिनं कागद मांडीवर घेतला आणि पहिल्यांदा म्हणाली, "कुंकू बारीक काढलंस. आईचं एवढं असायचं." बोटानं मापही दाखवलं.

मी मोठं करतो म्हणालो.

मग तिनं जे खुपत होतं ते सांगितलं. लोक हसतील याचं तिला काही नव्हतं. त्या दिवशी ती आत होती, तिला नळाचं काहीच कळलं नव्हतं. बाया एकाएकी उठून गेल्या आणि ती एकटीच रडत राहिली. इतके महिने तिला वाटत होतं की आपलं रडणं फार झालं, बाया कंटाळल्या. नळ आले होते हे तिला माझ्या फोनमुळे आत्ता कळलं.

"मी आत रडत होते," ती म्हणाली, "आन् तुला बाहेर हे सुचत होतं."

मी म्हणालो, तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा फक्त हसू आलं होतं, आणि ते हसू आहे हेही मला धड कळलं नव्हतं. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी बसूनच होतो, बाई. तीच नाही ओरडली." ताईनं कागद बाजूला ठेवला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. मी उठून बाहेर गेलो. आत आलो तेव्हा दोघं आईच्या आवाजाबद्दल बोलत होते. तो कुठल्या घरापर्यंत ऐकू जायचा यावर त्यांचं एकमत होत नव्हतं, आणि ताई डोळे पुसत हसत होती.

निघताना ती मला फाटकाशी म्हणाली, "छाप. पण इकडं कोणाला सांगू नको, ती आपली आई आहे म्हणून."

संपादकांनी दोन हरकती घेतल्या. सुतकाचा विषय सणासुदीच्या दिवसांत नको, आणि 'रडसान' सगळ्या वाचकांना कळणार नाही. पहिली मी मान्य केली, थोडं थांबलो. दुसरी केली नाही. आमच्या जिल्ह्यात ज्याला 'रडसान' कळत नाही त्याच्यासाठी मी काढतच नाही, असं काहीसं बोलून गेलो, आणि त्यांनी शब्द तसाच ठेवला. रविवारी ते छापून आलं. मृत माणसाची थट्टा करता का, असं विचारणारा एक फोन कार्यालयात आला म्हणे. शाळेत दोघा-तिघांनी बरं झालंय म्हटलं. एकानं विचारलं की फोटोतल्या बाई कोण. मी म्हणालो, कोणीही.

त्याच रविवारी दुपारी समोरच्या काकू पेपर हातात घेऊन आल्या. नेहमी त्या थेट स्वयंपाकघरात जातात. त्या दिवशी बैठकीच्या खोलीत, बाबांच्या समोर बसल्या. थोडा वेळ पेपराची घडी घालत राहिल्या.

"त्या दिवशी पहिले मीच उठली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाह्यलं असन."

बाबा म्हणाले, त्यांनी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं.

काकू सांगायला लागल्या. घरी नातवंडं होती, पाणी पार संपलेलं होतं, सून माहेरी होती. उठायचं नव्हतं. पण पाय उठले. तेव्हापासून आमच्या घरात पाऊल टाकताना दर वेळी त्यांना वाटायचं की आम्ही तेच आठवून त्यांच्याकडे पाहतो. आईचा फोटो लावल्यावर त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. एवढं सगळं त्या पेपराकडे पाहतच बोलल्या. मला त्यांची ती लगबग छापलेल्या चौकटीत आली नाही हे किती बरं झालं, असं वाटून गेलं.

बाबांनी त्यांच्या हातातून पेपर घेतला, उघडला, चित्रावर बोट ठेवलं आणि त्यांच्यासमोर धरला.

"वाचा ना काय म्हणून राह्यली ते," ते म्हणाले.

काकूंनी वाचलं. मोठ्यानं, एकेक शब्द लावत, कारण त्यांना वाचायची फार सवय नाही. वाचून झाल्यावर त्या हसल्या नाहीत. मान हलवत राहिल्या आणि म्हणाल्या, "असंच म्हणली असती." मग बायकोनं चहा आणला, आणि बोलणं त्यांच्या सुनेकडे वळलं, जी तेव्हा माहेरी गेली ती अजून आली नव्हती.